अंडं नव्हतं, डॉक्टर

डॉक्टर,

रविवारी तुमची शोकसभा झाली. तुम्ही तिथे असतात तर दुसऱ्या भाषणालाच "चला, पेशंट वाट बघतोय" म्हणत उठला असतात. आम्हाला ती सोय नव्हती. श्रूजबरीच्या शाळेच्या कॅफेटेरियात, पोरांच्या बुटक्या बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकवून आम्ही शेवटपर्यंत बसलो. भिंतीवर 'दूध प्या' असं सांगणारी एक हसरी गाय रंगवलेली होती. तिच्याखाली तुमचा फोटो. अख्ख्या सभेत खोटं न बोललेली ती एकटीच.

मग अध्यक्ष उठले. आपल्या मंडळाचे अध्यक्ष, माइक दिसला की ज्यांना पान्हा फुटतो ते. म्हणाले, "डॉक्टर म्हणजे संपूर्ण निर्व्यसनी माणूस! सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. अमेरिकेत राहून हे सोपं नाही, मित्रहो." दोघांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे त्यांना वाजवून झाल्यावर आठवलं आणि ते हात तसेच जोडून बसले. मला बटाटेवड्याचा जो ठसका लागला तो थांबेना. शेजारच्या काकूंनी पाठीवर थोपटलं. "फार जवळचे होते ना हो तुमचे?"

जवळचे! दर गुरुवारी एका चर्चच्या बेसमेंटमध्ये आपण दोघं मांडीला मांडी लावून दारू सोडत होतो, हे त्या बाईंना काय ठाऊक? तुमच्या घरी वहिनी आणि माझ्या घरी सुधा, याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

मंगळवारी वहिनींचा फोन आला. "तुम्ही लिहा त्यांच्यावर."

"काय लिहू?"

"खरं ते लिहा. नाव तेवढं घालू नका, त्यांना चाललं नसतं. पण निर्व्यसनी नवऱ्याची बायको म्हणून मिरवायचा मला कंटाळा आलाय. निर्व्यसनी असायला काय अक्कल लागते? हे सोडून दाखवणारे होते."

म्हणून लिहितोय. नाव नाही. त्या खोलीतही आडनाव नसायचं. आपल्या लोकांना समोरच्याचं आडनाव कळल्याशिवाय पाणी गोड लागत नाही, आणि तिथे बसवलं होतं नुसता 'डॉक' आणि नुसता 'सॅम' करून. सदाशिवचा सॅम झाला तेव्हा मला वाटलं, चला, निदान पिणारा तो सॅम, मी नव्हे.

मी तिथे का आलो हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही ही गोष्ट दर वेळी नव्याने ऐकायचात, म्हणून पुन्हा सांगतो. मंडळाच्या गणपतीहून मी गाडी घेऊन घरी आलो. रिमोट दाबला, गॅरेजचं दार उघडेना. दाराला शिव्या घातल्या. मग पुढच्या दाराने आत शिरलो, फ्रिज उघडला आणि ओरडलो, "सुधा, दही कुठाय?" आमच्या वस्तीतली घरं एका साच्यातली. फ्रिज शेजाऱ्याचा होता. शेजारी निवृत्त पोलीस. तो पायजम्यात उभा राहून माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, की त्याची नोकरी पुन्हा सुरू व्हावी असं त्याला फार वाटत असावं. इथपर्यंत लोक हसतात. पुढचं मी सहसा गाळतो. गाडीत मागच्या सीटवर माझी मुलगी होती. मी दाराला शिव्या घालत असताना ती आतून शांतपणे म्हणत होती, "डॅडी, धिस इज नॉट अवर हाऊस. अगेन."

त्या 'अगेन'चं काय करायचं ते मला कळेना. सुधाला कळलं. तिने दुसऱ्या दिवशी टेलिफोनचं जाडजूड पिवळं पुस्तक माझ्यापुढे आपटलं आणि म्हणाली, "यातला दारू सोडवणाऱ्यांचा नंबर तुम्ही लावा, नाहीतर मी वकिलाचा लावते."

फोनवरची बाई फार गोड बोलली. इतकी गोड, की मला ती मूर्ख वाटली. तेव्हा मला सगळेच मूर्ख वाटायचे. मी दोन गावं सोडून पलीकडचं चर्च निवडलं, गाडी चपलांच्या दुकानापुढे लावली, संध्याकाळच्या अंधारात गॉगल घातला, आणि जिना उतरून डावीकडच्या खोलीत शिरलो. आत एका बाईने मला वजनकाट्यावर उभं केलं. मी म्हटलं, असेल, वजनाप्रमाणे उपचार ठरवत असतील. काटा बघून तिने तो बिघडलाय का ते तपासलं. आजूबाजूला बसलेल्या प्रत्येकीत मी दोनदा मावलो असतो, आणि सगळ्या माझ्याकडे खाऊ की गिळू अशा बघत होत्या. पण बोलायला लागल्यावर वाटलं, हे आपलंच दुःख आहे. एक जण म्हणाली, मी कपाटात तोंड घालून, उभ्याउभ्या, कुणी बघायच्या आत संपवते. मला गहिवरून आलं. मी म्हटलं, "मीपण. बेसमेंटमध्ये. सरळ बाटलीतून." तिने माझा हात हातात घेतला आणि कळवळून विचारलं, "चॉकलेट सिरप?"

बाहेर पडलो तर समोरच्या खोलीतून तुम्ही. हातात सिगारेटच्या थोटकांनी भरलेला ॲशट्रे. मंडळात ज्यांना बघून मी ग्लास पाठीमागे लपवायचो ते मोठे भूलतज्ज्ञ डॉक्टर, एका चर्चचा ॲशट्रे रिकामा करायला निघालेले.

"तू इथे कुठे?"

"मी... वजन कमी करायला."

तुम्ही मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंत. माझ्या शर्टात आणखी एक माणूस राहू शकला असता.

"झालं का?"

"हो."

"मग पुढच्या गुरुवारी या बाजूला ये," एवढं म्हणून तुम्ही थोटकं ओतायला गेलात.

ती खोली मला मनापासून आवडली नाही, हे आता सांगून टाकतो. कॉफी म्हणजे वहाणा धुतलेलं पाणी. भिंतीवर लोकरीने विणलेली सुविचारांची तोरणं, आपल्या शाळेत पाचवीच्या वर्गात असायची तशी. फ्रँक नावाचा प्लंबर दर वेळी तीच गोष्ट सांगायचा आणि त्याच जागी रडायचा. मला वाटायचं, मी आयआयटीचा माणूस, कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीत सीनियर इंजिनियर, आणि मी याच्याकडून शिकायचं? शिवाय नियम असा, की दुसरा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही आणि सल्ला द्यायचा नाही. सल्ला द्यायचा नाही! मराठी माणसाने मग तोंड उघडायचं कशाला? पहिल्याच दिवशी मी फ्रँकला म्हणालो, "बायकोला परत बोलवायचं असेल तर तिच्या भावाला मध्ये घाल." तुम्ही टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारलीत. भूलतज्ज्ञाची लाथ असून चांगली लागली.

मग मला युक्ती सापडली. सल्ला द्यायचा नाही ना, गोष्टी सांगायच्या. फ्रिजची सांगितली, वजनकाट्याची सांगितली. खोली हसून लोळली. पुढच्या गुरुवारी लोक माझी वाट बघायला लागले. तुम्ही तेवढे हसत नव्हतात. मला घरी सोडताना गाडीत म्हणालात, "मुलीचं का गाळलंस?"

"त्याने मजा जाते."

"तू मीटिंगला येतोस का प्रयोगाला? लोक हसले की तुला वाटतं, औषध लागू पडलं."

राग यायचा मला तुमचा. हायवेवर बैलगाडीच्या वेगाने गाडी हाकणारा, रेडिओवर फक्त हवामान ऐकणारा, एक कौतुकाचा शब्द तोंडातून न काढणारा माणूस. 'बरं' हा तुमचा सर्वोच्च पुरस्कार. पण मंडळाच्या प्रत्येक पार्टीत, जेव्हा बायका वर स्वयंपाकघरात आणि पुरुष खाली बाटलीभोवती जमायचे आणि कुणीतरी "घे रे, एकच, माझी शपथ" करत माझ्या अंगावर यायचा, तेव्हा कॅरमच्या बोर्डापाशी बसलेले तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "त्याला नको. माझ्या गोळ्या चालू आहेत त्याला." की झालं. डॉक्टरांच्या गोळ्या! कुणाच्याही डोक्यात आलं नाही, की भूलतज्ज्ञ वर्षानुवर्षं कसल्या गोळ्या देतो. दोन पीएचडी होते, एक हृदयाचा सर्जन होता. आणि तुम्हाला कुणी आग्रह केला तर तुम्ही म्हणायचात, "उद्या सकाळी केस आहे." रविवारीसुद्धा केस. तुम्ही अख्ख्या मंडळाला भूल दिलीत, आणि शोकसभेपर्यंत ती उतरली नाही.

आता केक. केकबद्दल आपलं नीट बोलणं राहूनच गेलं.

कुणाचं आणखी एक वर्ष कोरडं गेलं की तिथे केक कापायची पद्धत. तुमचं वर्ष भरलं तेव्हा केक मी आणतो म्हणालो. तुम्ही म्हणालात, "अंडं नको." मला तेव्हाही तुमची कमाल वाटली होती. एके काळी हा माणूस एका बैठकीत स्कॉचची बाटली आडवी करायचा, पण बरोबर ऑम्लेट दिलं तर ताट सरकवून उठायचा. आपल्याकडे धर्म असा कुठेतरी एका कोपऱ्यात उभा असतो, छत्री धरून.

तर बिनअंड्याचा केक शोधत मी इकडची तिकडची गावं पालथी घातली. शेवटी एक म्हातारा इटालियन बेकर भेटला. त्याची आजी लढाईच्या काळात करायची तसला, अंडं नाही, लोणी नाही, दूध नाही, नुसते बेदाणे आणि पीठ. मी त्याला अंड्याचं पुन्हा पुन्हा विचारलं. अंड्याचा पांढरा भाग? नाही. पिवळा? नाही. त्याच भांड्यात आधी अंडं फेटलं होतं का? म्हातारा संतापला. छातीवर हात ठेवून त्याने मेलेल्या आजीची शपथ घेतली. तुमच्या केकची केली तेवढी खात्री मी माझ्या मुलीच्या शाळेचीही केली नव्हती.

बेदाणे कशात भिजवलेत, ते मी विचारलं नाही.

खोलीत खोका उघडला. फ्रँकच्या नाकपुड्या फुलल्या. एकेकाचं बोलणं थांबलं. तुम्हाला त्या दिवशी सर्दी होती. तुम्ही पहिला तुकडा तोंडात टाकलात.

डॉक्टर, तुमचा चेहरा मी विसरलो नाही. जिभेला जुना सोबती भेटला होता. तुम्ही चावणं थांबवलंत आणि नुसते बसून राहिलात. रममध्ये महिनाभर मुरलेला तो घास तुमच्या तोंडात, आणि खोलीभर माणसं, आणि त्यातल्या प्रत्येकाला माहीत की आत्ता काय चाललंय. मला वाटलं, मी या माणसाला मारलं. मग तुम्ही कागदी रुमाल घेतलात, घास त्यात काढलात, ऑपरेशनच्या टेबलावर घालतात तशी त्याची नीट घडी घातलीत, टोपलीत टाकलीत, बाहेर जाऊन खळखळून चुळा भरल्यात आणि परत येऊन खुर्चीत बसलात.

"अंडं नाही ना यात?"

"नाही, डॉक्टर."

"नक्की?"

"आजीची शपथ घेतली हो त्याने."

"मग झालं. धर्म वाचला."

आणि तेच तुम्ही त्या लोकांना इंग्रजीत समजावलंत. फ्रँक खुर्चीवरून घसरला. इतकं हसू मला माझ्या कुठल्याही गोष्टीला मिळालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याही वेळी मला थोडा मत्सर वाटला.

पण गाडीत तुम्ही किल्ली फिरवली नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिलात.

"मला पुढचा घास हवा होता," तुम्ही म्हणालात. मराठीत. त्या खोलीत स्वतःच्या पिण्याबद्दलचं तुमचं सगळं बोलणं इंग्रजीत, छापील, कॉन्फरन्समधल्या पेपरसारखं. हे एकच वाक्य मराठीत. थोड्या वेळाने म्हणालात, "इंग्रजीत मी हे म्हणू शकलो नसतो. तूपण एकदा मराठीत म्हण."

"काय म्हणू?"

"तिथे दर गुरुवारी म्हणतोस ते. मी अमुक, मी तमुक."

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते मिटलं नाही. माझं म्हणणं, इंग्रजीत 'आय ॲम ॲन अल्कोहोलिक' म्हटलं की कसं, एखादी पदवी मिळाल्यासारखं वाटतं. मराठीत 'मी दारुडा आहे' म्हटलं की गटाराकाठी पडलेला, धोतर सुटलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. तुमचं म्हणणं, "तोच तू. शेजाऱ्याच्या फ्रिजपुढे उभा होतास तेव्हा धोतर नव्हतं एवढंच." मग तुम्ही टूम काढलीत, की आपल्या लोकांसाठी मराठीतून मीटिंग काढू. "माझ्या बेसमेंटमध्ये खुर्च्या मांडतो," म्हणालात. मी म्हटलं, "डॉक्टर, कोण येणार? आले तर चहा-चिवड्याला येतील. पहिल्या गुरुवारी कार्यकारिणी निवडतील आणि दुसऱ्या गुरुवारी फूट पडेल." तुम्ही हसला नाहीत. तुमच्या शेवटच्या गुरुवारीही तेच. मी पुन्हा काहीतरी विनोद केला, तुम्ही हवामान लावलंत. माझ्या दारात मला उतरवताना म्हणालात, "बरं." त्याच शनिवारी तुम्ही अंगणातली पानं गोळा करताना पडलात, ते उठलाच नाहीत. तो 'बरं' पुरस्काराचा होता की निरोपाचा, ते आता विचारायचं कुणाला?

सभेनंतर अध्यक्षांच्या घरी गेलो. वर वहिनींभोवती बायका बसल्या होत्या. खाली बेसमेंटमध्ये, बारवर रंगीत दिवे लावून, ड्यूटी-फ्रीची बाटली उघडली गेली. "डॉक्टरांच्या नावाने एकेक!" निर्व्यसनी माणसाला स्कॉचची श्रद्धांजली. यात काही विसंगत आहे असं पंधरा-वीस उच्चशिक्षितांतल्या एकालाही वाटलं नाही. अध्यक्ष ग्लास घेऊन माझ्याकडे आले. मी सवयीने कॅरमच्या बोर्डाकडे बघितलं.

तिथे कुणी नव्हतं.

"नको, माझी आज चतुर्थी आहे."

"चतुर्थी झाली गेल्या आठवड्यात," कोणीतरी म्हणालं. "आमच्याकडे साबुदाणा होता."

"अरे घे यार. एकच. मेलेल्या माणसाचा मान ठेवशील की नाही?" आणि ग्लास माझ्या हातात आला. बर्फ किणकिणला. वास वर आला, केकच्या खोक्यातून आला होता तसा. डॉक्टर, मला पहिला घासही नको होता, सरळ पुढचाच हवा होता. वर सुधा होती, मुलगी होती. तुम्ही असतात तर एका वाक्याचं काम. तुम्ही नव्हतात, म्हणून मला ते वाक्य म्हणावं लागलं.

"मला देऊ नका. मी दारुडा आहे."

आणि अख्खं बेसमेंट हसून फुटलं.

"काय टायमिंग आहे यार!" अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं, जे सभेत आलं नव्हतं. "डॉक्टरांना काय आवडलं असतं हे! अरे, परत सांग, जोशी वर गेला होता!" जोशीला हाताला धरून खाली आणलं. मी परत सांगितलं. जोशी हसला. माझ्या थोबाडाची ख्यातीच तशी, दोष कुणाला देऊ? आयुष्यभर शेजाऱ्याचा फ्रिज विकून खाल्ला, आता खऱ्याला गिऱ्हाईक मिळेना. तिसऱ्यांदा मी कुणी न सांगता म्हटलं. तेव्हा हसू जरा विरळ झालं. मी ग्लास कॅरमच्या बोर्डावर, बरोबर राणीच्या जागी ठेवला, आणि जिना चढून वर आलो.

दारापाशी बुटांचा ढीग. माझा डावा सापडला, उजवा सापडेना. मी गुडघ्यांवर बसून ढीग उपसत होतो, तेवढ्यात खालून एक जण आला आणि शेजारी बसून तोही बूट शोधायला लागला. कोण ते लिहिणार नाही, खोलीचा नियम. एवढंच सांगतो, की या माणसाला मी पहिल्या भेटीपासून मूर्ख मानत आलोय, आणि माझं मत अजून बदललेलं नाही.

हातात एका बाईची सँडल घेऊन तो म्हणाला, "ते तू खाली म्हणालास... जोक होता ना?"

"नाही."

तो सँडल उलटीपालटी करत राहिला. "मग तू काय करतोस? म्हणजे... कुठे जातोस का?"

"गुरुवारी. एका ठिकाणी."

"आणि डॉक्टर? तेपण?"

"सभेत ऐकलंस ना? ते निर्व्यसनी होते."

त्याने मान डोलावली. विश्वास ठेवला त्याने! म्हटलं ना, मूर्ख. मी त्याला चर्च सांगितलं, जिना सांगितला, उजवीकडे वळ म्हणून बजावलं, डावीकडे वजन करतात. मग म्हटलं, जाऊ दे, मीच घ्यायला येतो. तुमच्यासारखाच सावकाश चालवत येईन आणि हवामान लावीन.

"येताना काही आणू का?" त्याने विचारलं. रिकाम्या हाताने कसं जायचं, हा प्रश्न त्याला त्या अवस्थेतही पडला. "केक वगैरे? एक इटालियन बेकर आहे. एगलेस देतो. मी चौकशी केलीय, अजिबात अंडं नसतं."

डॉक्टर, तुम्ही गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. ते तिथे, त्या बुटांच्या ढिगात, एक पाय मोज्यात असताना फुटलं. आणि तो मूर्ख माणूस माझ्या पाठीवर थोपटत, काळजीने म्हणाला,

"अरे, अरे, अंडं चालत असेल तर तसलाही मिळतो."